वरणातलं औषध

सुकेशनी सिस्टर खुर्ची दिली तर तिच्या काठावर बसतात, चहा दिला तर उभ्याने पितात, आणि दाराबाहेर कुणी मोठ्याने बोललं की कप तसाच ठेवून निघतात. मानसिक आजारांच्या आमच्या फिरत्या पथकात डॉक्टर, सिस्टर आणि औषधं देणारा मी, असे तिघंच. रोज एक तालुका, मंगळवारी पूर्णा. सिस्टरची ही चुळबूळ बघून मी म्हणायचो, तुम्हालाच एखादी शांत झोपेची गोळी काढून देऊ का? त्या म्हणायच्या, आधी माझी संमती घ्या.

संमती हा त्यांचा लाडका शब्द. त्या मूळच्या पालमकडच्या. वडील लवकर गेले, आई सरजाबाई दुसऱ्याच्या रानात रोजाने जायची. त्या बाईने पोरीला नर्सिंगला घातलं आणि एवढंच बजावलं, की कुणापुढे मान खाली घालायची नाही आणि कुणाला घालायला लावायची नाही. शिक्षण झाल्यावर सिस्टर सहा वर्षं एका मोठ्या मनोरुग्णालयात होत्या. तिथे माणसं कमी म्हणून एका बाईला दोन दिवस पट्टीने पलंगाला बांधून ठेवलं होतं. तिच्या मनगटावरचा वळ सिस्टरनी धुऊन पुसला, पण डोक्यातून तो काही गेला नाही. मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला तेव्हा त्यांनी त्याची मराठी प्रत मिळवली, शाळेच्या पुस्तकासारखं तिला खाकी कव्हर घातलं आणि पर्समध्ये ठेवली. एसटीत बसायला जागा मिळाली की त्या ती वाचायच्या. हिरव्या पेनाने खुणा करायच्या.

पोखर्णीच्या पुढे एका वस्तीवर आश्रुबा नावाचे म्हातारे चार वर्षं गोठ्यात साखळीला होते. सिस्टर त्या अंगणात भर उन्हात तीन तास उभ्या राहिल्या. बेड्या घालणं, साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, कुणालाही आणि कुठल्याही कारणाने, हे त्या म्हाताऱ्याच्या पोरांना पुन्हा पुन्हा एकाच आवाजात सांगत होत्या. पोरं आधी हसली, मग चिडली. शेवटी सुनेनेच आतून किल्ली आणून दिली. तेव्हापासून त्यांना लोक कलमवाली सिस्टर म्हणायला लागले. चेष्टेने म्हणायचे, पण घाबरूनही असायचे. मीही त्यातलाच.

हे सगळं आधी सांगितलं, कारण महारुद्रच्या बाबतीत जे झालं ते अडाणीपणाने झालं असं कुणाला वाटू नये. कायदा पाठ असलेल्या बाईने ते केलं, आणि मी मदत केली.

महारुद्रचं चुडाव्याला स्टेशनच्या रस्त्यावर शिलाईचं दुकान. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, लग्नसराईत सफाऱ्या. हाताला अशी सफाई की नांदेडचं गिऱ्हाईक यायचं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात बसलं, की आपल्या जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय. पाण्याला वास येतो म्हणायचा. घरचं ताट सरकवून बंद पुड्यातली बिस्किटं खायचा. भाऊ परमेश्वर समजवायला गेला तर कातर घेऊन त्याच्या अंगावर धावला. महारुद्रची बायको राजेश्री एकटीच बसने आमच्याकडे आली. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, आणि कशाने लागलं हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सिस्टर दोनदा त्याच्या घरी जाऊन आल्या, त्याने दार उघडलं नाही. सरळ मार्ग होता. माणूस स्वतःचा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि कुणाच्या जिवाला धोका असेल, तर घरच्याने अर्ज द्यायचा, डॉक्टरांनी तपासायचं, ठराविक दिवसांसाठी दाखल करायचं, सगळं लेखी. सिस्टरनी तो समजावून सांगितला. राजेश्री नुसती रडत होती. दाखल केलं तर गावात नाव होईल, दुकानाला कुलूप लागेल, सासरचे सही करणार नाहीत. तेव्हाच्या डॉक्टरांनी तिचं ऐकून पाण्यासारखं बिनवासाचं थेंबांचं औषध लिहून दिलं, आणि कसं द्यायचं ते सिस्टर सांगतील म्हणाले.

"वरणात टाक," सिस्टर म्हणाल्या. "पंधरा दिवस फकस्त. जरा डोकं थंड झालं की मी स्वतः येऊन त्यांना सांगते."

मी बाटली दिली. रजिस्टरात रुग्णाच्या सहीच्या जागी राजेश्रीची सही घेतली. आम्हाला कुणालाही त्यात वाकडं वाटलं नाही. खरं सांगायचं तर आमच्याकडे हे घरोघरी चालतं. कुणी दह्यात घालतं, कुणी चहात, कुणी गोळी कुटून भाकरीच्या पिठात. ज्याला आपल्या ताटात काहीतरी कालवलं जातंय असं वाटतं, त्याच्याच ताटात आपण कालवतोय, हे मला तेव्हा सुचलंही नाही. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

औषध लागू पडलं. महारुद्र झोपायला लागला, महिन्याने दुकान उघडलं, परमेश्वरशी बोलायला लागला. मग चांगल्या चाललेल्यात कोण हात घालणार? डॉक्टरांची बदली झाली. नव्या मॅडम आल्या, त्यांनी कागदावर सुधारणा आहे एवढं वाचलं. रुग्णाला एकदा घेऊन या, असं त्या दर वेळी म्हणायच्या, आणि राजेश्री दर वेळी दुकानात गर्दी आहे म्हणून सांगायची. पंधरा दिवसांचे सव्वीस महिने झाले. सिस्टर तिला बाटली देताना तिच्याकडे न बघता घाईघाईने पुढचा नंबर पुकारायच्या, हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

मग एका मंगळवारी महारुद्र स्वतःच आला, एकटा. टेबलावर दोन्ही हात ठेवले. बोटं थरथरत होती.

"सिस्टर, हात कामून थरथरायलेत माझे? सुईत दोरा जाईना गेलाय."

नांदेडला दोन डॉक्टर करून झाले होते. दोघांनीही विचारलं, काही औषध चालू आहे का? त्याने पोरीची शपथ घेऊन सांगितलं होतं, एक गोळीसुद्धा नाही. अशा औषधाने काहींच्या हाताला कंप सुटतो, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी औषधाच्या खिडकीतून सिस्टरना मानेने नाही नाही म्हणून खुणावलं. त्या म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी या, मॅडमशी बोलून ठेवते.

त्या आठवड्यात त्यांनी मला नाही म्हटलं तरी दहा फोन केले. एकदा भाजी घेताना, एकदा बसस्टँडवरून, एकदा नुसतंच काही नाही म्हणून ठेवला. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं: माणूस आज शुद्धीवर आहे, आपलं भलंबुरं त्याला कळतं, तेव्हा औषध घ्यायचं की नाही हा हक्क त्याचा. राजेश्री फोनवर गयावया करत होती. "ताई, तुमी सांगितलं तर हे माझ्या हातचं पाणी बी घेणार न्हाईत." मी मधला मार्ग काढला. म्हटलं, मॅडमना सांगून थेंब बदलू, कंप जाईल, कुणाचा संसार मोडायला नको. सिस्टर माझ्यावर इतक्या तडकल्या की मी फोन कानापासून लांब धरला. आश्रुबाच्या पायातली साखळी निदान आश्रुबाला दिसत होती, म्हणाल्या.

मंगळवारी राजेश्रीही आली होती. मॅडम होत्या. सिस्टर उभ्याच होत्या, आणि त्यांनी आडवळण न घेता सगळं सांगितलं: औषध कोणतं, कशासाठी, किती महिने, कशातून. घालायला आपणच सांगितलं, बायकोचा दोष नाही, हेही सांगितलं. राजेश्रीने पदर तोंडावर घेतला.

महारुद्रने आपल्या हातांकडे पाहिलं.

"म्हंजे मी म्हणत व्हतो ते खरं व्हतं?"

"आधी न्हवतं," सिस्टर म्हणाल्या. "तवा तुमचा आजार व्हता तो. नंतर आमीच ते खरं केलं."

तो उठून गेला. बायकोकडे पाहिलंही नाही.

पुढचे सहा आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. त्याने औषध बंद केलं. दुकानातच स्टो ठेवून स्वतःचा भात रांधायला लागला. राजेश्री घरात असली की पाण्याच्या हंड्यावर झाकण आणि झाकणावर दगड. सिस्टरना त्याने घरी यायला मनाई केली होती, म्हणून त्या गेल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर गेलो असतो. राजेश्रीला फोन करून झोपतो का, चिडतो का, एवढं विचारायच्या आणि मला येऊन सांगायच्या. मी विचारलेलं नसतानाही सांगायच्या. तिसऱ्या आठवड्यात हातांचा कंप ओसरला. त्या दिवशी त्या खूश झाल्या, आणि लगेच घाबरल्या. औषध अंगातून उतरलं होतं. आता आजार उलटला तर तो सिस्टरच्या खरं बोलण्याने उलटणार होता. परमेश्वरने तर येऊन सुनावलं, की कातर पुन्हा निघाली तर तुमचं नाव पोलिसात देतो. सिस्टर म्हणाल्या, द्या.

सातव्या मंगळवारी महारुद्र आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. मॅडमपुढे बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "पाण्याला वास यायलाय पुन्हा. पर या बारीला कुणी काई घातलेलं न्हाई, मला ठावं हाय. पाणी मीच भरलंय."

मॅडमनी दुसरं औषध सुचवलं, गोळीचं. त्याने काय काय त्रास होऊ शकतो ते सगळं सांगितलं. महारुद्रने पाकीट हातात घेऊन नाव वाचलं, तारीख वाचली, माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली आणि तिथेच पाणी मागून पहिली गोळी घेतली. महिन्याभरात झोप परत आली, वास गेला. सुईत दोरा जात होता. भात मात्र अजून दुकानातच शिजत होता.

मग एके दिवशी तो म्हणाला, ते लिहून ठेवायचं असतं म्हणतात, ते मला लिहायचंय. कायद्यात सोय आहे: माणूस शुद्धीवर असताना लिहून ठेवू शकतो, की उद्या माझं डोकं फिरलं तर मला कसं वागवा, कसं वागवू नका, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. साधा कागद, दोन साक्षीदार. मी एक आणि झाडलोट करणाऱ्या पंचफुलाबाई दुसऱ्या. लिहायला सिस्टर बसल्या, कारण अक्षर त्यांचंच चांगलं. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी जरा उजेड होता. मला वाटतं, त्यांना वाटत होतं की आता सगळं मिटलं.

तो सांगत गेला. बिघडलो तर दाखल करा, सुई द्या, पण तोंडावर सांगून द्या. बांधू नका. जेवणात काही घालू नका. माझ्या वतीने कोण, असं विचारलं तेव्हा सिस्टरनी परमेश्वरचं नाव लिहायला पेन टेकवलाच होता.

"राजेश्री," तो म्हणाला. बाहेर बाकावर बसलेल्या राजेश्रीला ते ऐकू गेलं नाही.

"आनि आजून एक लिहा. मला औषध या सुकेशनी सिस्टरनं द्यायचं न्हाई. दुसऱ्या कुनीबी द्यावं."

पेन थांबला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अरे, रोज हाताने घालणाऱ्या बायकोचं नाव टाकलंस, आणि ज्या बाईने खरं सांगितलं तिच्यावरच राग?

त्याच्या आवाजात राग नव्हता. "असं करायचं नसतंय, हे तिला ठावं न्हवतं," तो म्हणाला. "यांना ठावं व्हतं."

सिस्टरनी मान डोलावली. ते वाक्य त्याने सांगितलं तसंच, त्यांनी आपल्या चांगल्या अक्षरात लिहिलं. मग सगळा कागद पहिल्या ओळीपासून त्याला मोठ्याने वाचून दाखवला, आणि स्वतःचं नाव आलं तिथे त्या थांबल्या नाहीत.