मास्तरांची दहा चित्रं

बाबांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. शाळेत ते आयुष्यात एकदाच गेले होते, तेही मुलांच्या गणवेशांची मापं घ्यायला. शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. अक्षर एकही येत नव्हतं. आकडे यायचे, पण मापाच्या टेपवर असतात तेवढेच. टेप साठ इंचांवर संपते. बाबांचं गणितही तिथेच संपायचं.

बाकी सगळा कारभार डोक्यात. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. काचेच्या दाराशी मशीन, मागे कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात आईची खुर्ची. काज, बटणं, तुरपाई आईकडे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की बाबा मान वर न करताच म्हणायचे, "पोट सुटलंय. दीड इंच धरतो." टेप लावून बघावं तर दीडच. आणि प्रत्येक शिलाईत माया सोडायची, म्हणजे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायचं. "माणूस काय आज आहे तेवढाच राहतो का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. आम्ही हसलो, तेही हसले. मग एका माणसाची पँट दुसऱ्याला गेली. मग आई म्हणाली, वय झालं, होतं असं. आपल्या हातानं डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची ती अशी.

पट्टी सुटली ती पोस्टमनकाकूंच्या कोटामुळे. आमच्या मागच्या गल्लीत राहणारे पोस्टमनकाका वारले होते. त्यांचा एकुलता एक चांगला कोट काकू घेऊन आल्या. मुलाला मुलाखतीला घालायचा होता. "त्याच्या मापाचा करून द्या मास्तर. माप तुमच्याकडे आहेच." बाबा म्हणाले, "तोंडपाठ आहे."

चार दिवसांनी काकू आल्या. बाबांनी कोट इस्त्री करून, दोन्ही हातांवर घेऊन पुढे केला. सुरेख काम होतं, एक टाका वाकडा नाही. कोट सात वर्षांच्या मुलाच्या मापाचा होता.

काकूंनी तो उचलून बराच वेळ बघितला. "मास्तर, माझा मुलगा तीस वर्षांचा आहे."

"कुठला मुलगा?" बाबांनी विचारलं.

 काकू कोटाची घडी घालून, छातीशी धरून निघून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. टेबलाखाली काकांच्या कोटाच्या चिंध्या पडल्या होत्या. आईनं एकेक वेचून पिशवीत भरली, पण ती पिशवी काकूंकडे न्यायची तिची छाती झाली नाही. त्याच दिवशी तिनं मोठी कात्री पिठाच्या डब्यात लपवली.

बाबांनी कात्रीसाठी घर उलटंपालटं केलं. "माझा हातच कापून नेलात की गं," असं म्हणत ते मशीनच्या पायडलवर डोकं टेकून बसले. त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि त्यांना इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरांना घाई होती. "आज तारीख काय?"

"कॅलेंडर ही बघते," बाबांनी आईकडे बोट दाखवलं.

"शंभरातून सात वजा करा. मग त्यातून परत सात."

"साहेब, टेपवर शंभर नसतात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे केला. एक वाक्य लिहा. बाबांनी पेन खडूसारखं धरलं आणि कॉलरचं चित्र काढलं. मग डॉक्टरांनी एकात एक अडकलेल्या दोन आकृत्या उतरवायला दिल्या. त्या मात्र बाबांनी अशा काढल्या की छापल्यासारख्या. कागदावरच्या कामात तेवढ्याचाच काय तो गुण मिळाला. सगळे मिळून तीसपैकी नऊ. कागदावर काहीतरी लिहून डॉक्टर म्हणाले, "बरंच पुढे गेलंय."

घरी येईपर्यंत आईचा संताप मावेना. "ज्यानं पाटी धरली नाही त्याला लिहायला लावतात! उद्या मला पोहायला सांगतील आणि बुडाले की म्हणतील हिला श्वास घेता येत नाही." मला तिचं पटलं. पटवून घेतलं, असं म्हणा. परीक्षा चुकीची होती हे खरंच होतं. पण परीक्षा चुकीची म्हणजे बाबा बरे, हे आमचं आम्हीच जोडलं.

मी चौकशी केली. त्याच इस्पितळात मागच्या इमारतीत एक बाई शाळा न शिकलेल्यांची स्मरणशक्ती चित्रांवरून तपासत. लिहिणं नाही, वाचणं नाही. आम्ही त्यांच्याकडे गेलो. बारीक आवाजाच्या, पन्नाशीच्या बाई. त्यांनी आधी बाबांना शिवणकामाबद्दल विचारलं, बाबा खुलले. मग टेबलावर एकेक करून चित्रांचे दहा पत्ते मांडले आणि म्हणाल्या, "हे काय आहे ते सांगा, आणि लक्षात ठेवा. मी परत विचारीन."

कंगवा, छत्री, बादली, कुलूप, मासा, शिडी, कोंबडा, कप, चष्मा, खिळा. बाबांनी धडाधड सांगितलं. छत्रीला म्हणाले, "एक काडी मोडलीय हिची." आईनं माझा हात दाबला.

बाईंनी पत्ते झाकले. लगेच विचारलं तेव्हा पाच आले. मग त्यांनी जनावरांची नावं विचारून थोडा वेळ घालवला आणि पुन्हा म्हणाल्या, "मघाशी चित्रं दाखवली होती. कोणती होती?"

बाबांनी टेबलाकडे बघितलं, मग दाराकडे. "चित्रं?"

"एक पावसात वापरायची वस्तू होती."

"तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवली असतील, बाई."

बाई म्हणाल्या, एका दिवसावरून ठरवायचं नाही. रक्त तपासू, जीवनसत्त्वं कमी असतील तर देऊ, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. चिठ्ठी आणायला त्या शेजारच्या खोलीत गेल्या. मी पत्ते सुलटे केले आणि फोनवर फोटो काढून घेतला. आई बघत होती.  बाबा माझ्याकडे बघून हसले, त्यांना वाटलं मी त्यांचा फोटो काढतेय.

त्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

कापायच्या टेबलावर आम्ही सगळ्या वस्तू मांडल्या. मासा आणि कोंबडा तेवढे मी छापून आणले. सकाळी उठल्याबरोबर, जेवणाआधी, जेवणानंतर. आई वस्तूंवर चादर टाकायची आणि विचारायची, "अहो, सांगा. काय काय होतं?" बाबा बोटं मोजत. कंगवा, छत्री... आणि तिथे थांबत. पुन्हा चादर काढायची, पुन्हा टाकायची.

"नीट सांगितलंत की कात्री परत देईन," आई म्हणायची. कात्रीचं नाव काढलं की ते ताठ बसायचे.

एकदा सकाळी आई म्हणाली, "दहा आल्याशिवाय चहा नाही." कप तिच्या हातात, वाफ येतेय, आणि बाबा तिच्यासमोर मान खाली घालून उभे. सात आले. आई म्हणाली, "आणखी तीन."  बाबा वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शिक्षा झालेल्या मुलासारखे. "शाळेत घातलं नाही तेच बरं केलं माझ्या बापानं," ते भिंतीला म्हणाले. आईनं कप खाली ठेवला आणि त्यांच्या पाठीवर कपाळ टेकून रडली. पण दुपारी चादर पुन्हा टेबलावर होती. मीच आणली होती. आमचा जीव इतका टांगणीला लागला होता की समोर जिवंत माणूस आहे हेही दिसेनासं झालं होतं.

तिसऱ्या महिन्यात ती दहा नावं आली. त्याच क्रमानं, एका दमात. झोपेतून उठवून विचारलं तरी. आईनं शेजारीपाजारी सांगितलं, "मास्तर सुधारले." मी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांना श्रेय दिलं.

ठरल्या दिवशी बाबांनी स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला. बाईंनी हसून स्वागत केलं आणि ड्रॉवरमधून पत्ते काढले. पहिलाच पत्ता पडला. सायकल.

मग टोपी, मांजर, चमचा, झाड, खुर्ची, घंटा, झाडू, पान, होडी. चित्रांचे दोन संच असतात हे मला कोण सांगणार? बाबांनी सगळी बरोबर ओळखली. बाईंनी पत्ते झाकले. "आता सांगा, कोणती होती?"

बाबा खुर्चीत सरसावून बसले. त्यांनी आईकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कंगवा, छत्री, बादली, कुलूप, मासा, शिडी, कोंबडा, कप, चष्मा, खिळा."

बाईंची पेन्सिल कागदावरच थांबली.

"आता कात्री दे," बाबा आईला म्हणाले.

 बाबांनी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. "दहा झाली ना? मोज की. दहाच्या दहा झाली!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फोटोचं सांगून टाकलं. वाटलं होतं, रागावतील. त्या म्हणाल्या, "रोज किती वेळा घोकवून घेतलंत?"

"आठ-दहा वेळा."

"तीन महिने?" त्यांनी डोळे मिटून घेतले. मग आईचा हात धरून सावकाश सांगितलं. हा आजारच आहे. शाळेचा ह्याच्याशी संबंध नाही; ते शिकलेले असते तरी आला असता. पहिली परीक्षा त्यांच्यासाठी नव्हती हे तुमचं बरोबर. ही मात्र त्यांच्यासाठीच केलेली आहे, आणि नवं काही राहत नाहीये असंच तीही सांगते. ह्या आजाराच्या गोळ्या सुरू करू, थोडा वेग कमी होईल कदाचित. "आणि त्यांना आता काही विचारू नका. सांगत जा. हा चहा, ही मुलगी, हे घर. विचारलं की त्यांना फक्त आपण चुकतोय एवढंच कळतं."

आता बोट ठेवायला जागाच उरली नव्हती. पहिल्यांदा निदान परीक्षा तरी चुकीची होती.

परतताना बसमध्ये बाबा खिडकीपाशी बसले होते. बाहेर बघतच म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं ना?"

"नाही हो," आई म्हणाली. "बरोबर सांगितलंत."

"मग ती बाई अशी का बघत होती?"

आईनं त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली. पुढच्या थांब्यापर्यंत ते प्रश्न विसरले आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

मशीन विकलं नाही, झाकून ठेवलं. बाबा गिऱ्हाईक विसरले, गल्ली विसरले, मग मला विसरले. ती दहा नावं मात्र गेली नाहीत. ताप आला, दुखलंखुपलं, कुणी परकं माणूस घरात आलं, की ते घाबरून ताठ बसतात आणि सुरू करतात, कंगवा, छत्री, बादली. दहा झाली की आमच्या तोंडाकडे बघतात. शेजाऱ्यांना गंमत वाटते. आम्ही दोघी हातातलं काम टाकून "शाबास" म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

गेल्या महिन्यात त्यांचे शर्ट अंगावर लोंबायला लागले, म्हणून आईनं पहिल्यांदाच स्वतः कापायला घेतलं. तिनं टेप काढली. बाबा आपणहून उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना पसरले, हनुवटी वर केली; गिऱ्हाईक उभं राहतं तसे. आईनं खांदे मोजले, छाती मोजली. छातीचा आकडा तिनं दोनदा बघितला.

"बाई, कधी मिळेल?" बाबांनी अदबीनं विचारलं.

"उद्या," आई म्हणाली, आणि कापड पसरायला वळली.