पिंप भरलं की कॅमेरा बंद

मंडळी, आज मला माझाच राग आला आहे, म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. गेला महिनाभर नेमका त्याच दिवशी फाटकावरचा वायरलेस कॅमेरा बंद पडायचा. हेल्पलाइनवरचा शहाणा दर वेळी एकच सांगायचा, "राउटर बंद करून चालू करा." तेवढी अक्कल मलाही आहे!

मग मीच ठरवून टाकलं, की पाणी भरणाऱ्या रखमाबाई कॅमेऱ्याचं बटण बंद करत असणार. परवा शेजारणींसमोर मी त्यांना म्हटलं, "फाटकाशी उभं राहून गप्पा मारताना दिसू नये म्हणून कॅमेरा बंद करता ना?" बारा वर्षं आमच्याकडे काम करणाऱ्या रखमाबाई हातातली कळशी खाली ठेवून निघून गेल्या.

आज पाणी मीच भरलं, तरी कॅमेरा बंदच; मग मेकॅनिक आला. घरातल्या बोळात राउटरच्या पुढ्यातच पाण्याचं मोठं निळं पिंप. "मॅडम, भरलेल्या पिंपातून सिग्नल जात नाही," म्हणत त्याने राउटर वरच्या फळीवर ठेवला. कॅमेरा सुरू झाला!

मी लगेच रखमाबाईंना फोन करून चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "मॅडम, पिंप भरलं की कॅमेऱ्याचा लाल दिवा लागतो, हे मी मागंच सांगत हुते. तुमी म्हनला, तुम्हाला काय कळतंय यातलं?"

खरंच म्हणाले होते.

आता परवा पाणी येईल. त्या येणार का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तुम्हीच सांगा, अशी माफी फोनवर भागते, की घरी जावं लागतं?