सूत्रांकडून समजते

"सूत्रांकडून समजते, असं लिहितो. तुमचं नाव येणार नाही," मी कमलताईंना म्हणालो. शाळेतली खिचडी त्याच शिजवतात, आणि तांदळात अळ्या असल्याचंही त्यांनीच सांगितलं. सूत्र म्हणजे नाव न देता माहिती पुरवणारा माणूस. भेदरलेल्याला आडोसा मिळावा म्हणून आम्हा बातमीदारांनी हा शब्द ठेवला. खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्या आडोशाला मीच दडलो. माझ्या बातमीवरही नुसतं 'वार्ताहर' एवढंच छापून येतं.

कमलताईंनी पदराला हात पुसले, माझी वही ओढून घेतली आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"तांदूळ मी निवडते, मग सांगणारी मीच ना? लपायचं कशाला?"

वही परत देत म्हणाल्या, "आता खाली तुमचं लिहा."