मशीनला आमची बोली शिकवताना

कंप्युटरला बोलणं, बघणं, लिहिणं शिकवायचं, हे आमचं काम. तुळजापुरात एका लॉजच्या वर दोन खोल्या आहेत. मी रेकॉर्डिंग घेतो, सविता ते तपासते, साहेब पुण्याहून फोन करतात. संध्याकाळी घरी बायकोनं हाक मारली तरी मला वाटतं, क्लिप वाजतेय! दिवसभर दुसऱ्यांचं ऐकायचं, त्यामुळं किस्से आपोआप साठतात. डिलीट करायची सोय नाही.

मुरूम गावचे एक आजोबा रेकॉर्डिंगला आले. स्क्रीनवर वाक्य होतं, 'मला उद्या विमानतळावर जायचे आहे.' आजोबांनी माईक बाजूला सारला.

"वाचा की, आजोबा."

"म्या न्हाय जायचं तिकडं."

"जायचं नाही हो, नुसतं म्हणायचं."

"जायचं न्हाय तर म्हणू कशाला?"

समजावून समजावून माझा घसा बसला. शेवटी त्यांनी वाचलं, आणि माईक बंद व्हायच्या आत पुढं जोडलं, "हे पोरगं म्हणायला लावतंय!"

परंड्याकडच्या बायकांना म्हणालो, घरातलं काहीही बोला. त्या बोलल्या, "पाणी न्हाय. लाईट न्हाय. गॅस न्हाय." मशीननं लिहिलं, 'पाणी न्याय. लाईट न्याय. गॅस न्याय.'

साहेबांचा फोन आला, "अहो, तुम्ही मोर्चा रेकॉर्ड केलाय का?"

म्हणालो, "नाही सर, अजून निघाला नाही."

मग फोटो ओळखायचं काम आलं. आमच्याकडची काळी, लांब कानांची शेळी दाखवली की मशीन म्हणायचं, कुत्रा. सविताच्या माहेरी सोनारीला शेळ्याच शेळ्या. तिनं चिडून सगळ्या बाजूंनी फोटो काढून आणले. कितीतरी दिवसांनी मशीन सुधारलं. साहेबांनी खूश होऊन स्वतःच्या लाडक्या काळ्या कुत्र्याचा फोटो टाकला.

उत्तर आलं, 'शेळी.'

सविता म्हणाली, "चला, शिकलं एकदाचं!"

यंदा मशीनचं नवं मॉडेल आलं. आम्ही महिनाभर करायचो ते काम चहा होईपर्यंत उरकतं. साहेब म्हणाले, "आता तुम्हाला आराम!" आराम म्हणजे काय, तर त्याच्या चुका तपासायच्या. ते दमत नाही, त्यामुळं चुकाही थांबत नाहीत.

सविता डोळे चोळत म्हणाली, "आधी आपण दमलो की काम तरी थांबायचं."

आणि हे आमच्या गल्लीतल्या तात्यांचं. लकवा मारल्यापासून त्यांचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, फक्त त्यांच्या बायकोला, काकूंना कळायचं. काकूच सगळ्यांना सांगायच्या, आता पाणी म्हणतेत, आता चहा म्हणतेत. अशा अडखळत्या बोलण्यासाठी आणखी एक वेगळं मॉडेल आलं, म्हणून आम्ही रोज त्यांच्या घरी जाऊन तात्यांचा आवाज घेतला. मग एका सकाळी पहिल्यांदा चालवून बघितलं.

तात्या जोर लावून काहीतरी बोलले. काकू लगेच म्हणाल्या, "चहा म्हणतेत."

स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'चहा नको म्हणलं. रोज तेच म्हणतोय.'

काकूंना वाचता येत नाही. त्या पदर सावरत पुढं वाकल्या, "काय लिवलंय ग, सविता?"

सवितानं तात्यांकडं बघितलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंकडं बघत त्यांनी चांगला हात जरासा हलवला, राहू दे म्हणून.

"चहाच म्हणतेत, काकू."

"बघ! म्या काय येगळं सांगत व्हते?" म्हणत काकू चहा टाकायला आत गेल्या.