बिनगुणांचं वर्ष

निकालाचा ईमेल आला तेव्हा मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या घरात भेंडी चिरत होते. परदेशी गुणपत्रिका अमेरिकी मापात बसवून देणारी एक संस्था आहे. तिच्याकडे मी माझ्या जपानी विद्यापीठाची चार वर्षं पाठवली होती. उत्तर आलं चारपैकी दोन पूर्णांक एक्क्याण्णव. मला हव्या असलेल्या मास्टर्सला किमान तीन लागत होते. हात चिकट होते, म्हणून मनगटाने स्क्रीन सरकवून खाली आणखी काही लिहिलंय का ते बघितलं. काही नव्हतं.

मी इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. नोकरीची परवानगी नाही. प्रवेश मिळाला असता तर माझा स्वतःचा व्हिसा झाला असता, पुन्हा लॅब मिळाली असती, पुढे कदाचित नोकरी. नाही मिळाला तर मंडळाच्या गणपतीत मोदकांची कमिटी होतीच. मोदकांवर माझा राग नाही, कमिटीवर आहे.

बारावीनंतर मी शिष्यवृत्तीवर जपानला गेले. तिथे पास होणाऱ्याला तीन शेरे होते. सगळ्यात वरचा ‘यू’, मधला ‘र्यो’, आणि कसाबसा तरलेल्याचा तिसरा. र्यो म्हणजे सत्तरच्या घरातले मार्क. आता पुण्यात वाढलेल्या मुलीला सत्तरच्या पुढे काय दिसणार? डिस्टिंक्शन. मी दर सहामाहीला घरी फोन करून सांगायचे आणि बाबा कॉलनीत पेढे वाटायचे. चार वर्षं आम्ही सगळे खुशीत होतो. तिथेही कुणी मार्कांवरून हिणवलं नाही. नोकरी देणारे विचारायचे ते एवढंच, की कोणत्या सरांच्या लॅबमध्ये होतात. इथल्या तक्त्यात मात्र यू म्हणजे चार, र्यो म्हणजे तीन आणि तिसरा शेरा म्हणजे दोन. जपानी भाषेतून थर्मोडायनॅमिक्स शिकताना मी तो तिसरा शेरा बऱ्याचदा मिळवला होता. सगळ्याची सरासरी काढली की माझे पेढे दोन पूर्णांक एक्क्याण्णव भरत होते.

त्यातही मला झोंबलं ते चौथं वर्ष. चौथ्या वर्षी वर्ग जवळजवळ नसतात, एका सरांच्या लॅबमध्ये बसून प्रबंध लिहायचा असतो. मी खाऱ्या पाण्यात पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा किती टिकतो ते बघत होते. अख्खा हिवाळा त्या पत्र्याच्या तुकड्यांपाशी काढला. सर फार बोलायचे नाहीत. माझा एक तुकडा त्यांनी उचलून खिडकीशी धरला, हं म्हणाले आणि स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो वर्षभर तिथेच राहिला. आयुष्यात मला कुणी दिलेली सगळ्यात मोठी शाबासकी ती, असं मी धरून चालले होते. लग्न ठरताना नवऱ्यालाही हीच गोष्ट सांगितली होती. आणि त्या अख्ख्या वर्षासमोर गुणपत्रिकेत होतं नुसतं ‘उत्तीर्ण’. आमच्या विभागाची रीतच तशी होती. उत्तीर्णला इथे गुण नाहीत. संस्थेने ते वर्ष सरासरीतून सरळ वगळलं होतं.

इथल्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात फोन केला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. संस्थेचा आकडा बदलता येत नाही, म्हणाल्या, पण प्रबंधाला शेरा दिला असता तर कोणता, असं तुमच्या प्रोफेसरांनी लिहून दिलं तर समिती ते विचारात घेऊ शकते. ‘शकते’ हा शब्द मी ऐकलाच नाही. नवऱ्याने त्याच संध्याकाळी एक्सेल उघडलं. प्रबंधाला ए, म्हणजे आमचा यू, धरला की सरासरी बरोब्बर तीन येत होती.

“यार, हे तर झालंच,” तो म्हणाला. “सरांना मेल टाक. तुझा तुकडा टेबलवर ठेवला ना त्यांनी? ए नाही देणार तर काय देणार?”

मलाही तसंच वाटलं. मेल लिहायला एक रविवार गेला, कारण माझं जपानी गंजलं होतं. सर आता निवृत्त आहेत. उत्तर यायला वेळ लागला, आणि तेवढ्या दिवसांत मी आशेने अगदी वेडी झाले. टोलवेवरून जाताना नवऱ्याला विद्यापीठाचं एक्झिट दाखवायला लावलं. पार्किंगचं परमिट कसं काढतात तेही वाचून ठेवलं.

सरांचं उत्तर छोटं होतं. सुरुवातीला टेक्सासच्या उकाड्याची चौकशी. मग लिहिलं होतं, “तुमचा प्रबंध ग्रंथालयातून मागवून पुन्हा सबंध वाचला, म्हणून उशीर झाला, क्षमा करा. नोंदी प्रामाणिक आहेत. निष्कर्ष मात्र नोंदींच्या पुढे गेले आहेत. शेरा द्यायचा असता, तर मी र्यो दिला असता. तसं पत्र हवं असल्यास लगेच पाठवतो.”

टेबलावरच्या तुकड्याबद्दल काहीच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

र्यो म्हणजे तीन. सरासरी तीनच्या खाली असताना तिच्यात तीन मिळवले, तर ती तीनच्या जवळ सरकते, तीन होत नाही. हे कळायला एक्सेल लागत नाही. मी नवऱ्याला मेल वाचून दाखवला. तो म्हणाला, “मग दुसऱ्या कुणा सरांना विचार ना. कुणीतरी लिहून देईलच.”

दिलंही असतं. पण मला पुढे काही करावंसं वाटेना. मी सरांना त्यांच्या पद्धतीने, वाकून लिहावं तसं आभाराचं पत्र लिहिलं आणि शेऱ्याच्या पत्राची आता गरज नाही असं कळवलं. अर्ज आहे तसाच गेला. नकार यथावकाश आला, तोही अतिशय गोड भाषेत होता.

नकाराचं दुःख झालं, पण त्यावर निदान चिडता तरी आलं. तक्ता मूर्ख आहे, संस्था आंधळी आहे, यांना जपानचं काय कळतंय, असं मी मैत्रिणींना आजही तावातावाने सांगते आणि त्या माना डोलावतात. सरांच्या पत्राबद्दल मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. या सगळ्या प्रकरणात माझं काम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे ते एकटेच होते.