कोणतं खातं, ते आधी सांग

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराला नीला देऊळगावकरने कंपनीचा चालता सर्व्हर बंद केला, आणि पुढची दहा मिनिटं तिला ते कळलंही नाही. कळलं ते तीर्थपुरीच्या रामकिसनच्या फोनमुळे. रामकिसन बियाण्यांचा विक्रेता, कंपनीच्या सगळ्यात जुन्यांपैकी एक.

"म्याडम, बुकिंग घेऊनच न्हाई राह्यलं. नुस्तं गोल गोल फिरून राह्यलंय. दुकानात पंधरा मान्सं उभी हायेत, मी काय सांगू त्यायला?"

"थांबा, बघते," असं म्हणता म्हणताच तिने खिडकीतला शेवटचा हुकूम पुन्हा वाचला. सरावाच्या खात्यातला सर्व्हर म्हणून आपण जो बंद केला, तो सरावातला नव्हताच. तो चालू करून सगळं पूर्ववत व्हायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात धावड्यापासून परतूरपर्यंतच्या विक्रेत्यांचे फोन येऊन गेले.

नीला एक्कावन्न वर्षांची. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या बियाण्यांच्या कंपनीत ती लागली तेव्हा टायपिस्ट होती. मग संगणक आले, मग इंटरनेट आलं आणि चार वर्षांपूर्वी कंपनीचा सगळा कारभार क्लाउडवर गेला, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर. प्रत्येक वेळी कुणीतरी शिकायला हवं होतं आणि प्रत्येक वेळी नीला शिकली. आता त्या यंत्रांना काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून चालवायचं काम तिचं होतं. क्लाउडवर कंपनीची खाती दोन. एक असली, ज्यावर विक्रेत्यांचं बुकिंग चालायचं. दुसरं सरावाचं, ज्यात काहीही मोडलं तरी कुणाचं बिघडत नव्हतं. पण काळी खिडकी दोन्हींना एकच. तशीच काळी आणि तशीच मुकी.

अमनने तिला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी उभारणाऱ्या सुरजमलशेठांचा हा नातू. पुण्याहून शिकून आल्यापासून संगणक विभाग त्याच्याकडे होता.

"नीलाताई, जरा लक्ष देत जा ना."

"लक्ष देऊनच केलं, अमनशेठ."

"मंग कसं झालं?"

"तेच तर कळंना. मी सरावाचं खातं लावून बसले होते. पण खिडकीत कुठं लिहिलेलं नसतं ना, आपण कोणत्या खात्यात आहोत ते. लिहिलेलं पाहिजे."

"अरे, प्रॉम्प्ट बदलायचा! पाच मिनिटांचं काम आहे. माझी फाईल पाठवतो."

प्रॉम्प्ट म्हणजे हुकूम टाइप करायच्या आधी ओळीच्या सुरुवातीला यंत्र आपणहून जे लिहितं ते. एरवी तिथे वापरणाऱ्याचं नाव आणि फोल्डर असतं. तिथे खात्याचं नावही दिसलं की झालं. नीलाला हे पटलं. पाच मिनिटांचं काम हे शब्द मात्र तिला पटले नाहीत, कारण अमनची पाच मिनिटांची कामं तिने आजवर बरीच निस्तरली होती.

त्याची फाईल आली. बसवली. ओळीच्या सुरुवातीला चार रिकामे चौकोन उमटले, मग घड्याळ, मग लॅपटॉपची बॅटरी किती उरली ते, आणि मग जालन्याचं तापमान, एक्केचाळीस अंश. खात्याचं नाव कुठेच नव्हतं.

"चौकोन दिसून राह्यलेत, अमनशेठ."

"तो फॉन्ट टाकावा लागतो ताई. मंग तिथं बिजलीचं चित्र येतं. मस्त दिसतं."

"आणि खातं?"

"ते... माझ्याकडे कधी लागलं नाही बुवा."

बाहेरचं ऊन खिडकीतून दिसत असताना ते यंत्राकडून कशाला विचारून घ्यायचं, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. ती जागेवर गेली आणि तिने ती फाईल पुसून टाकली.

बुधवारी तिने स्वतः लिहायला घेतलं. प्रॉम्प्टची व्याख्या एका फाईलमध्ये असते. त्या फाईलच्या नावाची सुरुवातच टिंबाने होते, त्यामुळे नेहमीच्या यादीत ती दिसतही नाही. नीलाने तिथे एक ओळ लिहिली आणि खात्याचं नाव लाल रंगात यावं म्हणून रंगाची खूण घातली. सरावाचं खातं लावलं, यंत्राला फाईल पुन्हा वाचायला लावली. आलं! लाल अक्षरात नाव आलं. तिने खुर्चीला पाठ टेकली आणि चहा मागवला.

चहा यायच्या आत आनंद संपला. हुकूम जरा लांब झाला की तो पुढच्या ओळीवर जाईना; त्याच ओळीच्या सुरुवातीवर येऊन आपल्याच अक्षरांवर अक्षरं चढवू लागला. दुपारचे दोन तास गेल्यावर कळलं, की रंगाच्या खुणेला दोन्ही बाजूंनी विशिष्ट कंस लावले नाहीत तर यंत्र त्या खुणेलाही दिसणारी अक्षरं समजून मोजतं. कंस लावले. ओळ सरळ झाली.

गुरुवारी तिला असली खात्यातली यंत्रांची यादी हवी होती. तिने खातं बदललं. प्रॉम्प्टवर नाव तेच, सरावाचं. तिने डोळे चोळले. क्लाउडला 'मी कोण' असं विचारायचा एक हुकूम असतो, तो दिला. उत्तरात खात्याचा क्रमांक आला. शेवटचे चार आकडे तिला पाठ होते. असली!

म्हणजे प्रॉम्प्ट चक्क खोटं बोलत होता. काही न सांगणारी खिडकी परवडली, ही तर चुकीचं सांगत होती.

"आग लागो या पाच मिनिटांना," ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की शेजारच्या टेबलावर विक्रेत्यांचे फोन घेणाऱ्या संध्याने रिसीव्हरवर हात ठेवला.

खोट अवतरणचिन्हांत निघाली. तिने ओळ दुहेरी चिन्हांत लिहिली होती. तशी लिहिली तर यंत्र नाव एकदाच वाचतं आणि मग तेच घोकत बसतं. एकेरी चिन्हांत लिहिली तर दर ओळीला नव्याने बघतं. एवढ्याशा चिन्हापायी तिचा अख्खा गुरुवार गेला.

त्या संध्याकाळी तिचा नवरा गिरिधर अंबडहून एसटीने आला. तिथल्या कोर्टात तो कारकून. नीला भाजी चिरता चिरता बोलतच होती.

"आणि आता नवीनच. नवी खिडकी उघडली की नावाच्या जागी काहीच येत नाही. कोरं."

"कोरं म्हणजे कोणतंच खातं नाही, असंच ना?" गिरिधरने विचारलं.

"असंच वाटतं ना? पण हुकूम दिला की तो चालतो."

"मंग कुणाच्या नावावर चालतो? आमच्याकडं नंबर नसलेला कागद आला तर आम्ही हात लावत न्हाई. परत पाठवतो."

नीलाचा विळीवरचा हात थांबला. यंत्र परत पाठवत नव्हतं. नाव दिलं नाही तर ते आपल्या मनाने एक खातं धरत होतं. कोणतं, हे तिने कधी तपासलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पर्स खांद्याला असतानाच तिने नवी खिडकी उघडून 'मी कोण' विचारलं. असली.

मंगळवारचं कोडं तिथेच सुटलं. त्या दिवशी तिने सरावाचं खातं एका खिडकीत लावलं होतं, आणि मध्ये फोन आला म्हणून दुसरी उघडली होती. दुसरीला पहिलीचं काहीच माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी ज्याने कुणी क्लाउड बसवला, त्याने असली खातंच बिननावाच्या जागी ठेवून दिलं होतं. चार दिवस ती मनातल्या मनात स्वतःला वेंधळी म्हणत होती. आता तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी तरळलं. लक्ष देत जा म्हणे!

तिने बिननावाची नोंद काढून टाकली. खातं सांगितलं नाही, तर हुकूम चालणारच नाही. मग नावांकडे वळली. असली खात्याचं नाव होतं 'टेस्ट-फायनल', आणि सरावाचं 'न्यू-टू'. नाव लाल दिसलं काय आणि हिरवं दिसलं काय, वाचून कुणाला काय कळणार? तिने ती बदलून 'असली' आणि 'सराव' केली. असली लाल, सराव हिरवं. सगळे वापरत असलेल्या ऑफिसच्या मोठ्या यंत्रावरही तेच बसवलं आणि सगळ्यांना तसं कळवलं.

सोमवारी अमन तणतणत आला. "ताई, मोठ्या यंत्रावर माझा एक पण हुकूम चालून नाही राह्यला! खातं सांगा, खातं सांगा, तेच म्हणतंय."

"मग सांगा."

"हे काय नवीन? आधी बराबर चालत होतं."

"आधी सगळं असलीवर चालत होतं, अमनशेठ. तुमचं पण." तिने त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि जुन्या हुकमांची यादी उघडायला लावली. मे महिन्यात त्याने सराव समजून पुसलेल्या तीन फाईली असली खात्यातल्या निघाल्या. जुन्या होत्या, कुणाला लागल्या नाहीत, एवढंच.

अमनने यादी पुन्हा वरून खाली वाचली. "बाप रे," तो हळूच म्हणाला. मग यादी बंद करून, "तेव्हा मी तुम्हाला उगाच बोललो."

"हो," नीला म्हणाली.

दुपारी त्याचा सगळ्यांना मेल आला: संगणक विभागाने नवी सुरक्षित पद्धत सुरू केली असून प्रत्येकाने ती आपल्या लॅपटॉपवर आजच बसवून घ्यावी. नीलाचं नाव त्यात होतं, पण ते शेवटी, अडचण आल्यास संपर्क म्हणून.

चार लॅपटॉप होते. पहिले तीन तासाभरात झाले. चौथा विभागातल्या तरुण आयुषीचा, तिचं यंत्र वेगळ्या बनावटीचं. तिथे नीलाची ओळ जशीच्या तशी घातली तर प्रॉम्प्टवर लाल नावाऐवजी सगळे कंस आणि आकडेच उमटले. या यंत्रावरचं शेल, म्हणजे हुकूम वाचून चालवणारा प्रोग्रॅम, दुसरं होतं आणि त्याची रंगाची खूणही दुसरी होती.

"राहू द्या काकू, उद्या बघू," आयुषी म्हणाली.

"उद्या न्हाई," नीला म्हणाली. "तोवर तू कोणत्या खात्यात आहेस ते कुणाला कळणार? ऊठ तिथून. आणि संध्याला सांग, माझे फोन तूच घे म्हणावं."