रफिकभाईंचा डबा आणि निम्म्यात राहिलेली डिस्क

"विलासराव, उद्या या. दुसरी डिस्क बदलू. एका टायमाला एकच काढायची असती," असं रफिकभाई मला दारात म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारामतीच्या बाजारात डाळिंबं उतरवत होतो, तेव्हा ते गेल्याचा फोन आला. झोपेतच गेले. मी फोन करणाऱ्यालाच उलट विचारलं, "कुठले रफिकभाई?" आमच्या निमगाव केतकीत मला एकच रफिकभाई माहीत होते, तरी विचारलं...

आमच्याकडची कितीतरी लग्नं त्यांनी शूट केली. ते सगळं त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या एका जुन्या डब्यात असायचं. वायफायला जोडलेला डबा, आत दोन हार्ड डिस्क. एकीत जे, तेच दुसरीत. जागा संपत आली होती, त्यात एक डिस्क कटकट वाजू लागली, म्हणून भाईंनी मोठ्या दोन आणल्या. वाजणारी काढून तिथं नवी घातली, की उरलेल्या जुनीवरचं सगळं नवीवर उतरतं. ते पुरतं झालं की मग ती जुनीही काढायची. त्या संध्याकाळी पहिली बदलली, तेव्हा मी शेजारी बॅटरीचा उजेड धरून बसलो होतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण समजावून सांगताना भाई इतके खुलायचे, की मी आपली मान हलवत राहिलो.

मयतीला गेलो तर डब्याचे दिवे बंद. दुखवट्याच्या घरात टीव्ही नको, म्हणून कुणा जाणत्यानं टीव्हीजवळचं सगळंच बोर्डावरून बंद केलं होतं. त्यात हा डबाही. त्याच्या मनात वाईट ते काय असणार? पण उतरवणं निम्म्यातच थांबलं. कबरस्तानात मला भाईंसाठी रडू यायला हवं होतं, आणि माझ्या डोक्यात डिस्क. मी असा कसा, ते माझं मलाच कळेना.

काही दिवसांनी भाईंच्या बायकोनं, शबानाभाभींनी बोलावलं. "भाऊ, मुमताजच्या लग्नाचं त्यातच हाय, दुसरीकडं कुठं न्हाय. ते गेलं तर त्यांचा आवाज बी गेला." लेकीचं लग्न भाईंनी स्वतःच शूट केलं होतं, त्यामुळे चित्रात ते कुठंच नाहीत. बारामतीचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "चालू केलं की उतरवणं परत सुरू व्हईल. पण जुनी दमली असंल तर मी शब्द देत न्हाय." मग चालू करावं की करू नये? भाईंनाच विचारावं म्हणून मी फोन काढला, त्यांचं नाव शोधलं... आणि तसाच खिशात ठेवला.

शेवटी भाभींनीच बटण दाबलं. दिवा लुकलुकत राहिला, आमचा चहा गार झाला. संध्याकाळी दिवा स्थिर झाला, म्हणजे सगळं उतरलं, तेव्हा मला एकदम रडू आलं.

पाठवणीचं शूटिंग उघडलं. मुमताज गाडीकडं निघालेली, बायका गळ्यात पडतायत, आणि मध्येच चित्र खाली गेलं. मांडवातलं लाल जाजम, कुणाच्या तरी चपला. बराच वेळ तेवढंच. कॅमेऱ्यामागं नाक ओढल्याचा आवाज, आणि हळूच, "जा बेटी, जा..."

"एवढं कापून टाका म्हणलं हुतं मी," भाभी म्हणाल्या. "लोक हसतील. व्हय म्हणले, आन् कापलंच न्हाय."

आता डबा बंद करायचा नाही, असं त्यांनी घरात सगळ्यांना बजावलंय. दुसरी नवी डिस्क अजून खोक्यातच आहे; जुनीला हात लावायचा माझा धीर होत नाही. भाभी रोज तेवढं जाजम बघतात. मी गेलो की मलाही शेजारी बसवतात. त्यात काय बघायचं ते मला अजून कळत नाही, पण उठवत नाही.